वाल्फ्रिडचं उजवं म्यान

अंगणात बर्फ अजून गुडघाभर होता, तेव्हा इर्मेली वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरी घेऊन आउनेच्या दारात आली. आउनेचा नवरा सुऱ्या घडवायचा आणि ही त्यांना म्यानं शिवायची. नवरा गेला, भट्टी थंड झाली, पण म्यानं काही थांबली नाहीत.

"मावशी, बाबांची सुरी," इर्मेली म्हणाली. "जुन्या म्यानाचं टोक फाटलं नि पातं मांडीत घुसलं. चार टाके पडले. मी ती गाडीत कुलपात ठेवली होती. तर रोज एकच हट्ट, म्यान पाहिजे. ओइकेआ म्यान पाहिजे."

"मग ओइकेआच देऊ की."

"दे. पण नव्या म्यानानंही त्यांना कापलं, तर सुरी भिंतीवर, काचेच्या पेटीत. मी तसं सांगूनच ठेवलंय."

"वाल्फ्रिड काय म्हणाला त्यावर?"

"काय म्हणतील? हल्ली शब्द कुठे नीट उमटतात त्यांचे."

हिवाळ्यात वाल्फ्रिडला दवाखान्यात ठेवलं होतं, एवढं आउनेच्या कानावर होतं. किती आजारी, कसा आजारी, हे तिने विचारलं नाही. त्या गावात तसं कुणी विचारत नाही. सांगायचं असेल तर माणूस सांगतो.

तिने कागद सोडला. पंधराव्या वर्षी वाल्फ्रिडची चर्चमध्ये दीक्षा झाली, त्या दिवशी बापाने दिलेली ही सुरी. भूर्जाच्या लाकडाची मूठ अंगठ्याच्या जागी झिजून खळगा पडलेला. मासे, पाव, वासराच्या गळ्यात अडकलेली दोरी, सगळं याच पात्याने कापलेलं. पट्ट्याला सुरी नसली की हा माणूस दारापर्यंत जाऊन परत फिरायचा, टोपी विसरल्यासारखा.

आउनेने आधी पात्यासाठी लाकडाचं घर कोरलं. सुरी उजव्या कमरेला लटकली की धार मागच्या बाजूला यावी, म्हणजे उपसताना ती आपोआप खाली वळते. पातं त्या घरात एकाच अंगाने बसतं, उलटं जात नाही. मग चामडं कोमट पाण्यात घातलं, बुडबुडे थांबेपर्यंत. मुठीला प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळला, ओलं चामडं तिच्यावर आणि लाकडी घरावर ओढलं, पाठीमागून आरीने भोकं पाडत मेणवलेल्या दोऱ्याने शिवलं. हाडाच्या पट्टीने दाबत दाबत मुठीचं पोट चामड्यावर उमटवलं. चुलीपासून लांब आठवडाभर वाळू दिलं. आठव्या दिवशी सुरी आत ढकलली तशी टक् वाजली. आउनेला आणखी काही नको होतं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिच्याच घरी स्तोत्रांची बैठक होती. वाद्य नाही, घाई नाही. बसल्या जागेवरून कुणीतरी चरण उचलायचा आणि बाकीच्यांनी त्यात आपला आवाज मिसळायचा. तिसरं स्तोत्र खिडकीपासून उठलं. वाल्फ्रिड गात होता. दारात 'नमस्कार' म्हणताना ज्याची जीभ चार ठिकाणी अडखळली, त्याच्या तोंडून शब्द न् शब्द धुतल्यासारखा स्वच्छ येत होता. देवाने बोलणं काढून घेतलं खरं, पण गाणं ठेवलं! कॉफीची किटली हातात धरून आउने चरण संपेपर्यंत तशीच उभी राहिली. त्याचा उजवा हात कोटाच्या खिशातून एकदाही बाहेर आला नाही, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

कॉफीच्या वेळी तिने म्यान त्याच्यापुढे ठेवलं. त्याने डाव्या हाताने पट्टा सोडला आणि इर्मेलीच्या मदतीने म्यान डाव्या कमरेला अडकवलं.

"अरे, डावीकडे कशाला?" आउने म्हणाली.

वाल्फ्रिडने डाव्या हाताने आपला उजवा हात खिशातून काढला आणि काढून ठेवलेल्या हातमोज्यासारखा टेबलावर ठेवला. मग त्याने सुरी उपसली. धार वर करून पातं बाहेर आलं, थेट हनुवटीच्या दिशेने.

"द्या ती इकडे," इर्मेली उठलीच. "मावशी, हे काय केलंस?"

"तू ओइकेआ म्हणालीस. मी उजव्या हाताचं केलं!"

"ओइकेआ म्हणजे खरं गं! खऱ्या चामड्याचं, नीट शिवलेलं. दुकानातलं प्लास्टिकचं नको, म्हणून!"

त्यांच्या भाषेत ओइकेआ म्हणजे खरं, आणि उजवंही. मग शेजारचा ताइस्तो कपात बघत म्हणाला, "पन्नास वर्षं शिवतेय, आणि अजून डावं-उजवं कळेना."

"तुझं तोंड शिवायला घेते, तिथे चुकणार नाही," आउने म्हणाली.

वाल्फ्रिड अर्ध्या चेहऱ्याने हसला. "खरं... ते... डावं," त्याने एकेक शब्द वर ओढला.

"बाबा, हसू नका. सुरी भिंतीवर जाणार."

"त्याला कापलं का?" आउनेने विचारलं. "नाही ना? अट कापण्याची होती. मला एक रविवार दे."

इर्मेलीने बापाकडे पाहिलं. त्याने सुरी टेबलावर ठेवली होती, पण बोटं मुठीवरून काढली नव्हती.

"एकच," ती म्हणाली.

आउनेने शिवण उसवली. उलट्या अंगाचं नवं घर कोरलं, तेच चामडं पुन्हा पाण्यात घातलं. जुना आकार पुसट झाला, पुरता गेला नाही. नवी भोकं पाडली तर कड फाटेल, म्हणून जुन्याच भोकांतून दोरा घातला. या खेपेला उजवा हात एप्रनच्या खिशात कोंबून तिने स्वतःच उपसून पाहिलं. सुरीबरोबर म्यानही वर येई. एका हाताला ते धरून ठेवायची सोय नव्हती. पन्नास वर्षांत हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. चामडं ओलं होतं तोवर तिने म्यानाच्या तोंडाशी एक ओठ दाबून काढला, अंगठा टेकवून खाली रेटायला.

रविवारी वाल्फ्रिडच्या स्वयंपाकघरात कॉफीत बुडवून खायचं भाजलेलं चीज टेबलावर होतं. त्याने खाली न बघता अंगठा म्यानाच्या ओठावर टेकवला. सुरी निघाली, धार खाली. इर्मेलीचा हात अर्ध्यावर येऊन थांबला. चीजचे तुकडे वेडेवाकडे झाले, एक बोटभर जाड, एक कागदासारखा. मग सुरी परत गेली. टक्.

इर्मेलीने जाड तुकडा उचलला, आपल्या कॉफीत बुडवला आणि म्हणाली, "बाबा, आउनेमावशीला अजून दिलं नाहीत तुम्ही."

वाल्फ्रिडचा अंगठा पुन्हा ओठावर गेला.