काजळीवरची रेघ

आक्काच्या नातीचं लग्न एकदा मोडून पुन्हा त्याच मुलाशी ठरलं, त्या वर्षी अण्णांच्या घरी भूकंपमापक आलं.

चार माणसांनी ते मागच्या खोलीत फरशीवर टेकवलं. आक्का दारातच उभी राहिली.

"हे बाहेर ठेव, बारक्या."

"आक्का, ते भूकंप मोजतं. आणत नाही."

"यायचंच नसेल कुणी, तर ताट कशाला मांडून ठेवायचं?"

अण्णा हसले, पण तिच्याकडे न बघता. ते तीन वर्षांचे होते तेव्हा भूकंपात घर कोसळलं होतं. अकरा वर्षांच्या आक्काने त्यांना खिडकीतून ओढून काढलं. आई आत राहिली, कारण दाराची कडी निघाली नाही. आता साठी उलटलेले अण्णा आणि त्यांची विधवा बहीण या घरात दोघंच राहत.

अण्णांचा धंदा घड्याळदुरुस्तीचा. संग्रहालयाला हे जुनं यंत्र चालू करून हवं होतं. त्याचा एक जड लंबक होता, त्याला जोडलेली बारीक सुई, आणि घड्याळाच्या चाकांवर सावकाश फिरणारा रूळ. रुळावर दिव्याची काजळी धरलेला कागद गुंडाळायचा. सुई त्यावर पांढरी रेघ ओढत जाते. जमीन हलली की रेघ थरथरते.

गंज काढून झाला, चाकाचा तुटलेला दात नवा बसला. पहिल्या रात्री यंत्र चालू ठेवून अण्णा झोपले. सकाळी त्यांनी कागद पाहिला. मध्यरात्रीनंतर रेघ थरथरली होती. थांबली होती, पुन्हा थरथरली होती.

त्यांनी संग्रहालयात फोन केला. पलीकडचे साहेब म्हणाले, "वेधशाळेत विचारलं मी. कुठे काही नाही. तुमचंच काहीतरी सैल असेल."

रोज रात्री तेच. अण्णांनी बिजागरी आवळली, सुई बदलली. शेवटी लंबकाचा झोका आवरणाऱ्या भांड्यात जाड तेल ओतलं. रेघ सरळ झाली. आठवडाभर ते खुशीत होते. मग साहेब पाहायला आले आणि त्यांनी यंत्राजवळ पाय आपटला. सुई ढिम्म.

"अण्णा, तुम्ही याला बरं नाही केलंत. झोपेचं औषध दिलंत."

अण्णांनी पातळ तेल भरलं. दुपारी ते सुईकडे बघत बसले असताना आक्का चहा घेऊन आली. सुई थरथरली. मग थांबली. आक्का मागे भिंतीला हात टेकून उभी होती. पुन्हा चालू लागली, पुन्हा सुई हलली.

अण्णांनी जुने कागद काढले. तीच चाल होती. थोडं चालणं, मग थांबणं. आणि दर कागदावर थांबणं लांबत चाललं होतं.

"रात्री किती वेळा उठतेस, आक्का?"

"मी? मढ्यासारखी झोपते."

त्यांनी कागद पुढे धरला. तिने तो नीट पाहिला.

"चहाडखोर मेलं," ती म्हणाली. मग खाली बसली. "कडी काढायला उठते. तू रोज लावतोस."

इतकी वर्षं सकाळी कडी काढलेली दिसे. अण्णांना वाटे, लवकर उठून दूधवाल्यासाठी काढत असेल.

"आणि दम कधीपासून लागतो?"

"लागतो आता. वय काय सोळा आहे का माझं?"

दवाखान्यात छातीच्या रोग्यांचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर होता. आक्का जिन्यापाशीच अडून बसली. "वरच्या मजल्यावरची माणसं कशी खाली आली, ते मी पाहिलंय." डॉक्टरबाई बिचाऱ्या खाली आल्या, बाकावरच तिला तपासलं. बाजूला घेऊन अण्णांना म्हणाल्या, "हृदय फार थकलंय. दाखल करा. नाहीतर घरी ठेवा, पण उठबस नको."

"वर नाही न्यायचं मला," आक्का बाकावरून म्हणाली. तिला सगळं ऐकू आलं होतं. तिच्या आवाजात अण्णांनी कधी न ऐकलेली विनवणी होती.

अण्णांनी तिला घरी आणलं.

त्या रात्री कडीवर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. चोराचं भय होतं, बाहेरच्या अंधाराचं होतं. आणखी कसलं होतं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग कडी न लावताच हात काढून घेतला आणि आडवे झाले.

सकाळी आधी कागद पाहिला. रेघ सरळ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भिंत धरत धरत ते आक्काच्या खोलीपर्यंत गेले. दार ढकलायचा धीर होईना.

आतून घोरणं ऐकू आलं.

पंधरवड्याने यंत्र संग्रहालयात गेलं. साहेबांनी पाय आपटला, सुई हलली, सगळे खूश झाले. घरी मात्र अण्णा रोज सकाळी त्या दाराशी उभे राहून कान देत.

नातीचं लग्न थंडीत झालं. त्यानंतर महिन्याभराने, एका मंगळवारी सकाळी, चहाचा कप हातात असताना आक्का गेली. दार उघडं होतं.