खरखरीतून निघालेला आकडा

मी एक रेडिओ बोलतोय. बोलतोय म्हणजे खरखरतोय. दोन स्टेशनांच्या मधे, जिथे कुणाचंच काही लागत नाही, तिथे माझ्या मालकीणबाईंनी, आर्डिसबाईंनी, माझं बटण चिकटपट्टी लावून पक्कं केलंय.

तरुणपणी माझ्यावर घरचे हवामान आणि बेसबॉल ऐकायचे. पुढे आवाज फाटला आणि मी गराजच्या फळीवर गेलो. टेलिफोन कंपनीतून निवृत्त झाल्यावर आर्डिसबाईंनी मला खाली उतरवलं आणि एका वायरीने स्वयंपाकघरातल्या संगणकाला जोडलं. संगणक हुशार खरा, पण त्याला लहरीपणा जमत नाही. कुठलाही आकडा सांग म्हटलं, तरी तो आतल्या आत हिशोबच करतो. तो हिशोब ज्याला कळला, त्याला पुढचा आकडाही कळला. माझी खरखर मात्र आभाळातून येते. पुढच्या क्षणी ती चढेल की उतरेल, मलाही ठाऊक नसतं. त्या चढउतारांतून बाई आकडे वेचतात.

हा खटाटोप माशांसाठी. हिवाळ्यात मिनेसोटातलं आमचं तळं गोठलं की मंडळी बर्फावर लाकडी खोपटी नेतात, बर्फाला भोक पाडून गळ टाकतात. पाण्याखालच्या खडकापाशी एकच जागा हमखास माशांची. ती कुणाची, हे टोपीतल्या चिठ्ठीवर ठरायचं. टोपी बाईंच्या भावाची, व्हर्लिनची. आणि जागाही दरवर्षी व्हर्लिनलाच. शेवटी शेजारच्या डेलबर्टने त्याच्याशी बोलणं टाकलं. दोघं लहानपणापासून एकत्र मासे धरणारे.

"यंदाही तेच झालं, तर मी खोपटं दुसऱ्या तळ्यावर नेतो," डेलबर्टने बाईंना सांगून टाकलं. म्हणून मी.

पहिल्या चाचणीला मी जरा सरकलो आणि पोल्का नाचाची गाणी वाजवणाऱ्या एका स्टेशनात पाय घातला. आकडे तालावर नाचायला लागले. बाई माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिल्या. चिकटपट्टी त्यानंतरची.

सोडतीच्या दिवशी सगळे स्वयंपाकघरात जमले. प्रत्येकाच्या नावाला एकेक आकडा दिलेला होता. बाईंनी कळ दाबली. पडद्यावर नाव आलं, व्हर्लिन.

डेलबर्ट म्हणाला, "रेडिओपण तुमच्या नात्यातलाच काय गं, आर्डिस?"

"परत दाब ना," व्हर्लिन कुजबुजला. "हिवाळाभर हे लोक मला सोलतील."

"मनासारखं येईपर्यंत दाबायचं, तर तुझी टोपी काय वाईट होती?" बाईंनी वायर काढून माझा आवाज मोठा केला. "ऐक, डेलबर्ट. यात कुठे व्हर्लिन ऐकू येतोय का ते सांग."

डेलबर्ट कान लावून बराच वेळ बसला. "तव्यात चरबी तडतडतेय," तो म्हणाला. "व्हर्लिन नाही."

त्याने मान्य केलं, तसा व्हर्लिन विरघळला. "तूच घे रे ती जागा."

"छे, तुझी निघालीय."

"घे म्हणतो ना."

"नको नको."

आमच्याकडे दोनदा विचारतात ते रीत म्हणून, आणि दोनदा नाही म्हणतात तेही रीत म्हणूनच. तिसऱ्यांदा विचारलं, की ते मनापासून. व्हर्लिन भावनेच्या भरात मोजायला चुकला.

"अरे, घे की."

"बरं, इतकं म्हणतोस तर," डेलबर्ट म्हणाला. व्हर्लिनचं तोंड बघण्यासारखं झालं.

आता दोघांची खोपटी शेजारी शेजारी असतात. मासे डेलबर्ट धरतो, व्हर्लिन त्याला गळ कसा टाकायचा ते शिकवतो. बाई खूश आहेत.

मी मात्र संकटात आहे. आज डेलबर्ट आभार मानायला आलाय आणि माझ्यासाठी नवाकोरा, लांबलचक अँटेना घेऊन आलाय. "याने तुझी ही खरखर अगदी जाईल बघ, आर्डिस," असं म्हणून त्याने तो दोनदा पुढे केला. बाई दोनदा नको म्हणाल्या.

आता त्याने कॉफीचा कप खाली ठेवलाय आणि तो तोंड उघडतोय. मायबाप, कुणीतरी त्याला चटकन आणखी कॉफी ओता.