घोंगडीवरची जागा

सिद्धम्मानं नवऱ्याच्या कपाळावर भस्माचा तिसरा पट्टा ओढला आणि मागं सरून बघितलं. बंडप्पा भिंतीला टेकून मांडी घालून बसला होता. पाठीला फळी, छातीवरून आवळलेलं धोतर, गळ्यात झेंडूची माळ, डोक्यावर पगडी. त्यांच्या लिंगायतांत मेलेल्याला असं बसवूनच मातीत नेतात. जिवंतपणी मुरुमच्या आडत दुकानात एवढा ताठ तो कधी बसला नव्हता.

"पगडी माझी न्हाय," कोपऱ्यातून आवाज आला. "शांतलिंगाची जुनी हाय. उवा असतील."

कोपऱ्यातल्या घोंगडीवर दुसरा बंडप्पा बसला होता. कपाळ कोरं, अंगावर रात्रीचंच मळकं धोतर. पहाटेपासून तो तिथंच होता. सिद्धम्मानं आधी डोळे चोळले, मग ती त्याच्यावर खेकसली, मग तिला सवय झाली. बायका रडत येत आणि नेमक्या त्याच्या मांडीतच बसत. तो अंग चोरून घेई.

"नखं निळी पडलीत तुमची," ती पदराआडून म्हणाली. "कुणी घातलं विष?"

"मला काय ठावं? पोटात कळ आली. उठलो तर एक मी हितं, एक मी तिथं."

"जन्मभर काय ठावं न्हवतं. मेल्यावर तरी डोळं उघडायचं!"

दाराबाहेर धाकटा दीर शांतलिंग घाई करत होता. "चिंचंखालनं आला रातचा. हडळीनं धरलं, दुसरं काय! रझाकारांचे दिवस, माणसं जमवू नका. दुपारच्या आत माती देऊ. वहिनी जातील वाशीला माहेरी. दुकानाचं मी बघतो."

पोलीस पाटील बलभीम मान डोलवत होता. हडळीनं मारलं म्हटलं की निजामाच्या फौजदारापुढं, अमीनसाहेबापुढं, उभं राहावं लागत नव्हतं.

"नखं निळी करणारी हडळ आजच ऐकली," सिद्धम्मा आतून म्हणाली. "एकदा नखं मातीत गेली की खून बी मातीत. म्या उचलू देणार न्हाय."

"पोरी, मेलेल्याला ताटकळत ठेवू नये," बेलाची पानं निवडत गुरुलिंग अय्या म्हणाले. घरचे जंगम, सगळ्यांची माती त्यांनीच केलेली. "ज्याच्या हातनं जीव गेला, त्यालाच मेलेला दिसतो, म्हणायची माझी आजी. बाकीच्यांना नुसत्या माश्या."

सिद्धम्मानं भस्माची वाटी खाली ठेवली.

तिनं आपला उजवा तळवा बघितला. रात्री पोट दुखतंय म्हणाला, म्हणून याच हातानं तिनं ताक दिलं होतं. त्यात हकिमाची पुडी कालवली होती. पुडी शांतलिंगानं आणलेली. तुम्हीच द्या वहिनी, माझ्या हातनं दादा घेणार न्हाय, असं म्हणून दिलेली.

घोंगडीवरचा बंडप्पाही तिच्या तळव्याकडंच बघत होता.

"तू व्हय?" तो हळूच म्हणाला. रागावला नव्हता, नुसता चकित झाला होता.

"गप बसा!" ती मोठ्यानं म्हणाली. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. बिचारीचं डोकं फिरलं.

तिनं दाराकडं बघितलं. सकाळपासून शांतलिंगानं उंबरा ओलांडला नव्हता. बोलायचा सगळ्यांशी, पण मान खाली.

"भावजी, आत या. भावाच्या पाया पडा, मग उचलू."

"हितनंच पडतो."

"दोघं भाऊ जन्माला आलात ते एकाच दारानं. आता ह्या दाराची कसली लाज?"

रडता रडता दोन-तीन बायका हसल्या. शांतलिंग आत आला. वर न बघता त्यानं प्रेताच्या पायांना हात लावला आणि तो वळला.

"असं उभ्या उभ्या जाऊ नये," सिद्धम्मा म्हणाली. "टेका घडीभर. त्या घोंगडीवर."

खाली मान घालूनच तो कोपऱ्याकडं वळला, आणि थबकला.

"तिथं बसलंय की कुणीतरी."

रडणं थांबलं. अय्यांच्या हातातलं पान हातातच राहिलं. पाटलानं घोंगडीकडं बघितलं, मग शांतलिंगाकडं. घोंगडी रिकामी होती.

"कोण बसलंय, भावजी? वर बघून सांगा."

शांतलिंगानं मान वर केली. तो ओरडला नाही. तो जागीच खाली बसला.

सिद्धम्मानं दोन्ही मनगटं पाटलापुढं धरली.

"आधी हे बांधा. ताक ह्या हातांनी दिलं. मग त्यांचे बांधा, पुडी त्यांनी दिली. अन् अमीनसायबाला सांगा, हडळ घरातच गावली."

"वहिनी, तुम्ही कशाला मधी?" पाटलानं विचारलं.

"मला बी हे दिसतात म्हणून."

पाटील दोर शोधू लागला.

"शोधा सावकाश," ती म्हणाली. तिनं प्रेताच्या डोक्यावरची पगडी काढून शांतलिंगाच्या मांडीत टाकली. खुंटीवरची बंडप्पाची स्वतःची पगडी आणली, झटकली, आणि प्रेताच्या डोक्यावर नीट बसवली.

"आता बरं हाय?" मागं घोंगडीकडं न बघता तिनं विचारलं.