पान एकशे एकतीसवरची खोडलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे, आणि तीही प्रेमाची. नाक मुरडू नका. ज्यांनी नाक मुरडलं, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी मला उशीखाली ठेवून दोनदा वाचलेलं आहे. ‘रुचिकाची चढाई’ हे माझं नाव. माझ्या मुखपृष्ठावर कबड्डीच्या पोशाखात एक मुलगी उभी आहे. सामना संपल्यावरही तिचा एकही केस विस्कटलेला नाही. तिच्या मागे गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला एक देखणा डॉक्टर आहे.

माझा जन्म नागपूरच्या लकडगंजातल्या एका छापखान्यात झाला. तेव्हा अशा कादंबऱ्यांना फार मागणी होती. माझ्या थोरल्या बहिणीची नायिका पोहणारी, मधलीची बॅडमिंटन खेळणारी, धाकटीची कुस्ती करणारी. सगळ्या व्यावसायिक खेळाडू, सगळ्या देखण्या, आणि सगळ्यांना साधारण शंभराव्या पानाच्या पुढे दुखापत होतेच. कारण दुखापत झाल्याशिवाय डॉक्टर नायकाला गोष्टीत शिरायला दार सापडत नाही!

मला लिहिणाऱ्या बाई मनानं चांगल्या होत्या, पण त्यांनी मैदानावर पाऊल ठेवलेलं नव्हतं. रुचिकाच्या गुडघ्याचा अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, तुटतो, असं त्यांनी लिहिलं. ती बरी व्हायला त्यांनी आधी ‘कित्येक महिने’ दिले होते. पण गोष्टीतला अंतिम सामना तर सात आठवड्यांवर आलेला. मग बाईंनी ते शब्द काढून टाकले आणि घाईनं नवी ओळ लिहिली: ‘डॉक्टर रोहितच्या हातांत जादू होती. सहाव्याच आठवड्यात रुचिका मॅटवर उभी राहिली, आणि पहिल्याच चढाईत तिनं तीन गडी टिपले.’ ही ओळ माझ्या एकशे एकतिसाव्या पानावर छापली गेली.

छापून झाल्यावर मी महाल भागातल्या दत्तोपंतांच्या वाचनालयात आले. दत्तोपंतांनी मला पुठ्ठ्याची बांधणी केली, जाड दोऱ्यानं टाके घातले, वर खाकी कागद चढवला. पुस्तकावर त्यांचा भारी जीव. वाचनालयात येणाऱ्या बायकांना मात्र एक खोड होती. पुस्तक वाचून झालं की कुठल्यातरी ठरलेल्या पानावर पेन्सिलीनं बारीकशी खूण करायची, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा घरी नेलं जात नाही. कोणाची चांदणी, कोणाचं फूल, कोणाची नुसती फुली. दत्तोपंतांना ते अजिबात खपत नसे. ‘उष्टं पुस्तक पुढच्याला द्यायचं नाही,’ असं ते म्हणत. त्यांच्या टेबलाला सुतळीनं एक खोडरबर बांधलेलं होतं. पुस्तक परत आलं की ते अंगठ्यानं पानं सोडत, आणि कुठे पेन्सिलीचं करडं दिसलं की घासून साफ करत. काय लिहिलंय ते मात्र कधी वाचत नसत. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचणं त्यांना बरं वाटत नसे. सभ्य माणूस होता, काय करणार?

त्या दिवसांत माझे फार लाड झाले. एका घरातून परत आले की दुसरं घर तयारच असे. मला थोडा गर्वही चढला होता, खोटं कशाला सांगू?

एके दिवशी जागेश्वर सर आले. तांडापेठेच्या मैदानावर ते पोरींना कबड्डी शिकवत. चालताना त्यांचा उजवा पाय ओढला जायचा. मैदानावरच्या पोरी आपसांत माझीच गोष्ट बोलत होत्या, तेव्हा या वाचतात तरी काय ते पाहावं म्हणून त्यांनी मला नेलं. साठी उलटलेला माणूस प्रेमकथा वाचतो हे दिसू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं. सकाळी पोरी यायच्या आत मैदानाच्या पायरीवर बसून ते वाचत. दोन ठिकाणी हसले. एका ठिकाणी चष्मा काढून डोळे पुसले. पान एकशे एकतीसवर मात्र थांबले. खिशातून गुण लिहायची पेन्सिल काढली आणि कडेच्या मोकळ्या जागेत दाबून दाबून लिहिलं:

‘हे खोटं आहे. माझा गुडघा असाच गेला. पोरींनो, डॉक्टर म्हणतील तितके महिने थांबा. मी थांबलो नाही. — जागेश्वर.’

मित्रांनो, माझ्या दोनशे पानांत तेवढीच खरी ओळ होती. मला ती फार आवडली. छापील ओळीच्या शेजारी ती उभी असताना मला निर्धास्त वाटत होतं.

सरांनी मला परत केलं. दत्तोपंतांनी अंगठ्यानं पानं सोडली. एकशे एकतीसवर त्यांना करडं दिसलं, आणि त्यांनी सुतळीचं खोडरबर ओढलं. मी कागद, मला ओरडता येत नाही. ते सावकाश, निगुतीनं घासत राहिले, भुगा फुंकला, पानावरून हात फिरवला आणि मला मांडणीवर ठेवलं. पंधरवड्यातच जागेश्वर सर हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. ती ओळ पुन्हा लिहायला आता कोणी उरलं नव्हतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी कामिनीबाईंनी मला नेलं. त्यांचं घर तांडापेठेतलं, कोष्ट्याचं. विणायच्या हातमागाचा खड्डा बुजवून जी जागा मोकळी झाली, तिथे त्यांच्या लेकीची, मिनलची खाट होती. मिनलचे बाबा चंद्रभान कळमेश्वरच्या कारखान्यात जात, आई घरी साड्यांना फॉल लावी. आणि मिनल? मिनल जागेश्वर सरांची सगळ्यात लाडकी चढाईपटू. उमरेडच्या सामन्यात तिचा गुडघा पिळला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की अस्थिबंध तुटलाय, ऑपरेशन करा, नऊ महिने मैदान बंद. आणि दुखापतीनंतर आठव्याच आठवड्यात मुंबईच्या एका व्यावसायिक संघाची निवड चाचणी नागपुरात होणार होती. तिथं निवड झाली असती तर कबड्डी हेच तिचं काम झालं असतं. त्याच दिवसासाठी ती दहाव्या वर्षापासून मातीत लोळत होती.

लेकीचं मन रमावं म्हणून कामिनीबाई फॉल लावता लावता मला मोठ्यानं वाचून दाखवत. एकशे एकतीसवर आल्यावर मिनल खाटेवर उठून बसली.

“आई, पुन्हा वाच वं ते.”

कामिनीबाईंनी पुन्हा वाचलं.

“पाह्य! सहा हप्त्यात उभी राहिली ते. अन् मले नऊ महिने?”

“पुस्तकातलं हाये वं ते, बाई.”

“पण लिहिणारीनं कोण्या डॉक्टरले विचारूनच लिहिलं असन ना? उगाच थोडीच कोणी छापते! तिचाबी तोच अस्थिबंध, माह्याबी तोच.”

“अन् आपल्या डॉक्टरनं सांगतलं त्याचं काय?”

“ऑपरेशन करू ना. ट्रायल झाल्यावर करू. आई, यंदा नाही गेली तर मग कवा जाईन मी? सर असते तर त्यायनं धाडलंच असतं मले.”

सर! मला हातात घेऊन जे पान दाखवत ती हे म्हणत होती, त्याच पानावर सरांचं खोडलेलं उत्तर होतं. तिच्या अंगठ्याखाली होतं. मला बोलता आलं असतं तर मी तिथं किंचाळले असते.

कामिनीबाई समजूतदार होत्या, पण लेकीचा चेहरा महिन्याभरानं पहिल्यांदा फुलला होता. त्यांनी सुईत दोरा ओवला आणि म्हणाल्या, “पाहू. सूज उतरू दे आधी.”

सूज उतरली. दुखापतीनंतर पाचव्या आठवड्यात मिनल चालू लागली, सहाव्यात हळूहळू धावू लागली. आठव्या आठवड्यात ती चाचणीला गेली. नशीब आणणारं पुस्तक म्हणून तिनं मला पिशवीत घातलं होतं. पिशवीतून मला दिसत काही नव्हतं, ऐकू येत होतं. पहिली चढाई झाली, टाळ्या पडल्या. दुसरीलाही पडल्या. तिसऱ्या चढाईत ती वळली असावी. शिट्टी वाजली आणि सगळी पावलं एका जागी धावली. मग कामिनीबाईंचा आवाज आला, “मिनू! मिनू वं!” तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

ऑपरेशन झालं. गुडघ्याच्या आतली गादीही फाटली होती, हाडं घासली गेली होती. चालता येईल, जिना चढता येईल, पण कबड्डी नाही, असं डॉक्टर म्हणाले. चंद्रभाननं मला कपाटावर फेकलं. कामिनीबाईंनी त्यानंतर कोणतीच कादंबरी हातात धरली नाही. वाचून दाखवणारा आवाज आपलाच होता, हे त्या कोणाला बोलून दाखवत नसत. तीन वर्षं मी धूळ खात पडले. मित्रांनो, धुळीचं मला काही वाटलं नाही. माझ्या वाट्याला ती यायलाच हवी होती.

मागच्या महिन्यात मिनलनं मला खाली काढलं. ती आता कन्हानच्या एका शाळेत मुलींना कबड्डी शिकवते. तिच्या संघातल्या रोशनीचा गुडघा दुखावला होता. तीही मिनलला म्हणाली होती, “मॅडम, मोबाईलवर एक कादंबरी हाये, त्यातली पोरगी दीड महिन्यात खेळायले लागते.” ते ऐकून मिनल बसमध्ये बसली ती थेट घरी आली.

“फाडूनच टाका लागते हे पान,” ती आईला म्हणाली, आणि खिडकीशी उभं राहून तिनं मला उघडलं.

उतरतीचं ऊन तिरपं पडलं होतं. कडेच्या कोऱ्या जागेत तिला खाचा दिसल्या. जागेश्वर सर दाबून लिहायचे, हे मी सांगितलंच. शिसं गेलं होतं, पण कागदाला पडलेला वळ गेला नव्हता. मिनलनं पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं फिरवली. काळ्यातून पांढरी अक्षरं वर आली. ‘पोरींनो’ दिसलं तेव्हाच तिनं हस्ताक्षर ओळखलं. ती खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडली. कामिनीबाई धावत आल्या, त्यांनी वाचलं, आणि लेकीला कुशीत घेऊन त्या तिथंच खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी मिनल मला घेऊन वाचनालयात गेली. दत्तोपंत आता फार थकलेत. पुस्तक तीन वर्षं उशिरा आलं याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. काळं केलेलं पान पाहून मात्र त्यांचा हात सवयीनं सुतळीकडे गेला.

“आधी वाचा काका,” मिनल म्हणाली.

त्यांनी चष्मा पुसून वाचलं. “जागेश्वर? हे कोणी खोडलं?” त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारता त्यांचंच उत्तर त्यांना सापडलं. “मीच खोडलं बाई. मी सगळंच खोडतो. वाचलं नाही मी. कोणाचं वाचू नये म्हणून...”

मिनलला त्यांच्यावर रागवायचं होतं, तसं ठरवूनच ती आली होती. पण म्हाताऱ्यानं टेबलाला बांधलेलं खोडरबर सोडून बाजूला ठेवलं होतं.

“पेन द्या,” ती एवढंच म्हणाली.

दत्तोपंतांनी आपलं शाईचं पेन दिलं. मिनलनं स्वतःच्या अक्षरात नाही लिहिलं. सरांच्या प्रत्येक अक्षराच्या खाचेतून तिनं पेन फिरवलं, सरांच्या सहीपर्यंत. शाई वाळेपर्यंत दत्तोपंतांनी पान धरून ठेवलं.

सध्या मी कन्हानला रोशनीच्या उशाशी असते. मिनलनं तिला गोष्ट वाचायची मनाई केली नाही, आधी कोणतं पान वाचायचं तेवढं सांगितलं. दत्तोपंत रोज दुपारी खिडकीशी बसून माझ्या बहिणींची पानं उन्हात तिरपी धरून पाहतात. बहुतेक जागी त्यांना काही दिसत नाही. काही लोक फार हलक्या हातानं लिहीत असत.

आणि मिनल संध्याकाळी मैदानावर पोरींना चढाई करून दाखवते. दम धरते, ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत मध्यरेषेपर्यंत जाते, आणि तिथंच थांबून मागे फिरते. पुढची चढाई पोरींनी करायची असते.

मित्रांनो, मला जपा असं मी कोणत्या तोंडानं सांगू? पुस्तकं स्वच्छ ठेवा, जरूर ठेवा. पण हातात खोडरबर घ्याल तेव्हा माझ्यासाठी एवढं करा. आधी वाचा, मग खोडा.