मावशींची जीभ

"मावशी, तुम्ही आणि पुढच्या दारानं?" खुर्ची ओढून देत वाढपी म्हणाला.

मावशींनाही ते अवघडल्यासारखंच वाटत होतं. चोवीस वर्षं त्या या शाकाहारी हॉटेलात मागच्या दारानं आल्या होत्या, कांद्याच्या पोत्यांना वळसा घालून थेट शेगडीपाशी. पुढे टेबलं किती, खिडकीजवळचं कुठलं डुगडुगतं, हे सगळं त्यांना ऐकून पाठ होतं. पण त्यांतल्या एखाद्यापाशी स्वतः बसून मांडीवर रुमाल पसरायची वेळ कधी आली नव्हती. आज आली ती एका कार्डामुळे. वर्षापूर्वी निरोप देताना मालकांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ आणि 'एक जेवण आमच्याकडून' असं छापलेलं कार्ड दिलं होतं. घड्याळ महिन्याभरात बंद पडलं. कार्ड काही बंद पडण्यासारखं नव्हतं, म्हणून ते कपाटात राहिलं.

तो निरोप कसा झाला, ते आधी सांगायला हवं. हे हॉटेल चालायचं ते मावशींच्या सुपावर. भाज्यांचं नितळ सूप, वर तरंगायला एक पानसुद्धा नाही. कांदे सालीसकट, करपायच्या बेतात येईपर्यंत भाजायचे. वाळवलेली अळंबी आदल्या दिवशीच भिजत घालायची. मग गाजरं, टोमॅटो, मिरी, आणि मंद आचेवर पाच तास. जरा घाई केली की त्याचं नुसतं गरम पाणी होतं. मावशींनी चोवीस वर्षांत कधी घाई केली नाही.

मग मालक म्हणायला लागले, गिऱ्हाइकं कुरकुरतायत, पूर्वीची चव राहिली नाही. एके दुपारी त्यांनी मावशींसमोर सुपाच्या दोन वाट्या ठेवल्या. "सांगा बघू, यातली तुमची कुठली?"

मावशींनी दोन्ही चाखल्या. त्यांना फार वेळ लागला नाही. "ही डावीकडची माझी."

मालक हळहळले. "मावशी, ती वहिनींनी केलेली आहे हो. तुमची ती उजवीकडची."

वहिनी म्हणजे मावशींच्या धाकट्या भावाची बायको. मावशींनीच तिला इथे कामाला लावलं होतं, सुरी कशी धरायची इथपासून शिकवलं होतं. मावशींनी तिच्याकडे पाहिलं. वहिनीने खाली बघत मान डोलावली. "हो ताई. डावीकडची माझी."

वय झालं की कान जातात, गुडघे जातात, तशी जीभही जात असेल. मावशींनी वाद घातला नाही. एप्रन काढला, घडी घातली आणि खुंटीला न लावता वहिनीच्या हातात दिला. तेव्हापासून घरीही त्या शेगडीकडे फिरकत नसत. सून विचारायची, "आई, मीठ बघता का जरा?" तर म्हणायच्या, "तूच बघ गं. माझी जीभ गेली." हे त्या हसून सांगायच्या. पण जिच्या जिवावर आयुष्य काढलं ती जीभ तोंडात असून नसल्यासारखी झाली, याचं त्यांना फार लागलं होतं.

सूप आलं. पहिल्या घोटालाच तोंड भरून चव आली, दाट, ओठांना चिकटणारी. मावशींनी ओठ एकमेकांवर दाबून पाहिले. चिकटत होते. हे काय आहे? पण विचारणार कुणाला, आणि विचारणारी कोण, तर जीभ गेलेली बाई. पाव कालचा होता. भरलेली ढोबळी मिरची वरून जळलेली आणि आतून कच्ची. एवढं कळायला मात्र जीभ लागत नाही, दात पुरतात.

शेजारच्या टेबलावरून मास्तरांनी हात केला. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून रोज बाराच्या ठोक्याला इथे जेवणारे. लहानपणी त्यांनी पाळलेलं कोकरू एक दिवस ताटात आलं होतं, आणि सगळं जेवून झाल्यावर त्यांना ते सांगण्यात आलं होतं. त्यानंतर त्यांनी मांसाला कधी हात लावला नाही. पहिल्या दिवशी ते थेट स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले होते. "भांडी वेगळी असतात ना हो?" त्यावर मावशी म्हणाल्या होत्या, "मी आहे ना इथे. डोळे मिटून जेवा."

"कसं वाटलं सूप?" मास्तरांनी विचारलं.

"छान आहे."

"वाईट वाटून घेऊ नका मावशी, पण वहिनींनी तुमच्यावर कडी केली हो. मी तर आताशा दुसरी वाटी मागून घेतो."

मावशी हसल्या. हसून झाल्यावर त्यांनी वाटी जरा पुढे सरकवली. अर्धंअधिक सूप तसंच राहिलं. अन्न टाकायची सवय नाही, म्हणून त्यांनी ते बाटलीत भरून घेतलं आणि घरी नेऊन फ्रीजमध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून फ्रीज उघडून उभी होती. "आई, तुम्ही काल जेली आणलीत का?"

मावशींनी बाटली घेतली आणि उलटी केली. आतलं सूप तसंच वर लटकून राहिलं. एक थेंब सरकला नाही.

लग्नाआधी त्या एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. आजाऱ्यांसाठी हाडं उकळून ठेवलेला रस्सा रोज सकाळी असाच गोठलेला असायचा, सुरीने कापावा लागायचा. कांदा, गाजर, अळंबी पाच तास उकळा नाहीतर पाच दिवस, ती अशी गोठत नाहीत. मावशींना त्या दिवशीची उजवीकडची वाटी आठवली. तीसुद्धा ओठांना चिकटली होती.

म्हणजे जीभ गेली नव्हती. पहिल्यांदा त्यांना आनंद झाला, अगदी लहान मुलीला होतो तसा. मग वहिनीची डोलावलेली मान आठवली आणि त्यांनी बाटली पिशवीत घातली.

हॉटेलात त्या मागच्या दारानंच गेल्या. वहिनी एकटीच कांदे चिरत होती. मावशींनी बाटली तिच्यासमोर पाटावर उलटी उभी केली. वहिनी बघत राहिली. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"ताई, बसा ना."

"बसायला आले नाही मी. त्या दिवशी डावीकडची वाटी कुणाची होती?"

वहिनीने सुरी खाली ठेवली. "तुमची."

"मग मान का डोलावलीस?"

"मालक म्हणाले, हाडांच्या अर्काचे डबे आणायचेत, वीस मिनिटांत काम होतं. मावशी असेपर्यंत ते होणार नाही, म्हणाले. यांची नोकरी गेली होती ताई तेव्हा. मी काय करणार होते?"

"माझ्याकडे यायचंस. तुझ्यासाठी जागा मी एका शब्दावर सोडली असती. जागा मागायची होती गं. माझी जीभ कशाला घेतलीस?"

वहिनी रडायला लागली. कांदे चिरत असल्यामुळे तिचे डोळे आधीच ओले होते, त्यामुळे नेमकी कधी लागली ते कळलं नाही. मावशींनी तिला जवळ घेतलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा घेतलं नाही.

आवाज ऐकून मालक आत आले. बाटली पाहून हसले. "अहो मावशी, चमचाभर तर असतो अर्क. गिऱ्हाईक बोटं चाटतंय. कुणी मेलंय का त्यानं? आणि तुम्हाला आम्ही काय कमी मानानं पाठवलं?"

"घड्याळ बंद पडलं तुमचं," मावशी म्हणाल्या.

मालकांना ते काही कळलं नाही. "हे बघा, घरातली गोष्ट आहे. भावाची बायको आहे तुमची. तोंड उघडलंत तर आधी तिची भाकरी जाईल."

ते खरं होतं, आणि मालकांना ते पक्कं ठाऊक होतं. मावशींनी वहिनीकडे पाहिलं. आता तिने मान हलवली नाही, ना होकाराची, ना नकाराची. भिंतीवर बारा वाजत आले होते. वाढपी सुपाची वाटी तबकात ठेवून मधल्या दारातून बाहेर गेला. कुणासाठी, ते सांगायची गरज नव्हती. मावशी त्याच्या मागोमाग निघाल्या.

मास्तरांनी चमचा उचलला होता.

"मास्तर, ते खाऊ नका."

"का हो? बिघडलंय?"

मावशी समोरच्या खुर्चीवर बसल्या. शब्द शोधत बसल्या असत्या तर त्यांना ते सांगवलं नसतं. "हाडं उकळून केलंय ते."

मास्तरांनी चमचा हळूच वाटीशेजारी ठेवला, सरळ, फळ्यावर रेघ मारावी तसा. "कधीपासून?"

"मी गेल्यापासून. वर्ष झालं." मग त्यांनी तेही सांगून टाकलं. "डोळे मिटून जेवा, असं मीच सांगितलं होतं तुम्हाला."

"तुम्ही होतात तेव्हा सांगितलं होतंत," मास्तर म्हणाले.  मग शेजारच्या टेबलाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "मला आवडत होतं हो ते, मावशी."

मावशींनी वाटी आपल्याकडे ओढून घेतली आणि तिच्यावर बशी झाकली. स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं आणि त्यात वहिनी उभी होती, एप्रनला हात पुसत. मावशींनी तिकडे पाहिलं नाही. समोर मास्तर रुमालानं ओठ पुसत होते. पुसून झाले, तरी पुसतच होते.