फितीवरची उरलेली जागा

मित्रांनो, मी एक जुनी कॉम्प्युटरची फीत आहे. तपकिरी, चकचकीत, आणि खरे सांगायचे तर थोडी गर्विष्ठ. माझ्या अंगावर एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहिलेली आहे. ती नसली तर कॉम्प्युटर म्हणजे नुसते लोखंडाचे कपाट, मग गर्व होणारच की!

१९७४ साली मी कलकत्त्यात खिदिरपूरच्या गोदीजवळ एका ऑफिसात आले. माझी सिस्टीम आणि तिचे यंत्र बनवणारी कंपनी लहान होती. तिने देशभरात जेमतेम पाच यंत्रे विकली होती. सिस्टीम वाईट नव्हती हो, पण तिच्यावर काम करणे म्हणजे डोकेफोड. काम अडले की चूक कुठे झाली तेच सापडत नसे.

त्या ऑफिसात वृंदा काम करायची. घर मराठी, जन्म कलकत्त्याचा. तिने दोन वर्षे खपून चुका शोधणारे, याद्या लावणारे छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्यांना ती अवजारे म्हणायची. नवी फीत परदेशातून यायला वर्ष लागे, म्हणून तिने ही अवजारे माझ्याच उरलेल्या जागेत ठेवली. ज्या कागदी कार्डांवर भोके पाडून तिने ती आधी लिहिली होती, ती दमट हवेने फुगली आणि फेकून द्यावी लागली. सगळा भरवसा माझ्यावर.

मग काय विचारता! महिन्याचे काम आठवड्यात होऊ लागले. बराकपूरच्या एका सरकारी ऑफिसातले दिगंबरराव दिवसभर बसून काम बघून गेले. त्यांना असेच यंत्र हवे होते. आणखी तीन ऑफिसांनी चौकशी केली. सगळे माझी स्तुती करीत आणि मी ती खुशाल ऐकून घेई. आता त्याची लाज वाटते.

पुढे कंपनीने सुधारलेली सिस्टीम देऊन श्यामसुंदर नावाच्या इंजिनिअरला मुंबईहून पाठवले. कंपनीच्या फितीवर बाहेरच्याचे एक अक्षरही नको, असा तिचा नियम होता. वृंदा तापाने घरी होती. त्याने कुणाला न विचारता मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसले आणि माझ्यावर नवी सिस्टीम लिहिली.

परत आल्यावर वृंदाने मला तीनदा फिरवून पाहिले. अवजारे पुन्हा लिहायची तिची तयारी होती, पण नव्या सिस्टीमची आतली माहिती बाहेरच्यांना देता येत नाही, असे कंपनीने कळवले. दिगंबररावांना तिने सगळे खरे सांगितले.

ते हळहळले. म्हणाले, "वृंदाबाई, तुमची अवजारे बघून आम्ही हे यंत्र घेणार होतो. नुसती सिस्टीम घेऊन काय करू?"

त्यांनी दुसरे यंत्र घेतले. त्याच्यासाठी बाहेरचे लोकही अवजारे बनवत आणि त्यांना कुणी अडवत नसे. बाकीची तीन ऑफिसेही तिकडेच गेली. चार वर्षांत माझी कंपनी बुडाली.

मला भंगारात काढले तेव्हा वृंदाने मला बालीगंजला घरी आणले. तिच्या आईने, सरलाबाईंनी, विचारले, "तुझं काही आहे का गं हिच्यावर?"

"नाही. आता काहीच नाही," वृंदा म्हणाली.

मित्रांनो, कंपनीची सिस्टीम माझ्यावर अजून शाबूत आहे. ती चालवणारे यंत्र मात्र कुठेच उरले नाही. तुमच्या वस्तूवर कुणी परक्याने मन लावून काही केलेले दिसले, तर पुसण्याआधी त्याला एकदा विचारा. मला तोंड असते, तर त्या दिवशी मी ओरडले असते.