मामाच्या हातची खीर

उष्टावणाला पहिला घास मामानं भरवायचा, अशी आमच्याकडची रीत. राजुऱ्याला माझ्या बहिणीच्या, हर्षाच्या घरी मी चमचाभर खीर धम्मदीपच्या तोंडाला लावली आणि पोरगं ठसका लागून निळं पडलं. तिची सासू मनकर्णाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "याचा हात बाधला लेकराले." अडाणीपणा, दुसरं काय! मी आश्रमशाळेत विज्ञान शिकवतो. पण भामरागडला परतल्यावर वर्गात खडू उचलतानाही मी त्या हाताकडं बघायचो.

पोरगं दुधावरच राहिलं. घट्ट काही दिलं की ओकायचं. शेवटी चंद्रपूरला छातीचा स्कॅन झाला, अन्ननळीला चिकटलेली गाठ दिसली, ऑपरेशन झालं. गाठ तपासायला गेली आणि इकडं भामरागडजवळच्या पर्लकोटा नदीला पूर आला. मी अलीकडं, भाचा पलीकडं.

हर्षानं रिपोर्ट फोनवर वाचून दाखवला. कॅन्सर नाही. ती एक पिशवी होती. भिंत अन्ननळीसारखी, आतलं अस्तर मात्र जठराचं. आईच्या पोटात अवयव घडताना एक तुकडा बाजूला पडला, छातीतच राहिला, रस पाझरून फुगला आणि अन्ननळी दाबून बसला. भाचा आमचा दीड पोट घेऊन जन्मला होता!

"म्हंजे जल्मापासूनच होतं, दादा."

ते वाक्य मी तिला पुन्हा म्हणायला लावलं.

मग मनकर्णाबाई फोनवर आल्या. "राजदीपभाऊ, डॉक्टरनं आजपासून खीर द्याले सांगतलं. पण आमी थांबून राह्यलो. तुमच्याच हातानं द्याची. माह्यं चुकलंच, मी तसं बोलली."

किती दिवस मला हेच ऐकायचं होतं! पण मागं धम्मदीप भुकेनं किंचाळत होता, आणि इथं पूल कुठं आहे तेही दिसत नव्हतं.

"बाई, पोराले उपाशी ठेवू नका. तुमीच चारा."

"तुमचा मान हाय, भाऊ."

"मान गेला चुलीत! चारा त्याले."

चमचा वाजला. रडणं थांबलं. मी ठसक्याची वाट पाहत राहिलो. ठसका आला नाही.

"गिळलं, दादा! अजून मागून राह्यला," हर्षा हसत-रडत ओरडली.

"दे नं मंग," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि शाळेच्या ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडलो. मला तिथं असायचं होतं. त्याच्या ओठांना माझं बोट लागायला हवं होतं.